अंगणातील तयार हौद आणि आपली काळी जमीन

वैशाख महिना लागला म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्याचे मोल लहानथोरांस सारखेच कळू लागते. २०१८ सालचा उन्हाळा तर येथील कोणत्याही गृहस्थास विसरता येणार नाही. यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे दोन्ही जलाशय त्या वर्षी आटले, नळास कित्येक दिवसांनी एकदा पाणी येऊ लागले, आणि टँकर दिसताच घरोघरची माणसे हंडे, बादल्या व पिंपे घेऊन धावू लागली. शहरास लागूनच असलेल्या आमच्या लोहाऱ्यातही त्या दिवसांची आठवण अजून ताजी आहे. अशा ठिकाणी राहून अंगणात पाण्याचा हौद करावा असे कोणी म्हटले, तर ऐकणारा प्रथम हसेल आणि मागून रागावेल. त्याचे हसणे व रागावणे दोन्ही मला मान्य आहेत. तथापि अनुभवाने एक गोष्ट कळली ती अशी की, नीट बसविलेला लहान हौद पाणी नासत नाही; वाईट बसविलेला मात्र खचित नासतो. म्हणून हौद कसा बसवावा, आणि कोणी बसवू नये, या दोन्ही गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

घराजवळ पाणी खेळविण्याची हौस आपल्या देशात जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणिले, ते शहरातील हौदांतून लोकांस मिळत असे. शनिवारवाड्यातील हजारी कारंज्याचा हौद सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचा बांधलेला असून तो आजही पाहावयास मिळतो. ही कामे दगडचुन्याची; त्यांस कसबी गवंडी, पुष्कळ दिवस व पुष्कळ पैसा लागे. सांप्रत बाजारात जो तयार हौद मिळतो तो कारखान्यात साच्यावर घडविलेला असतो. काही हौद काचेच्या बारीक तंतूंचे कापड राळेत भिजवून, साच्यावर थरावर थर चढवून करतात. यासच फायबरग्लास म्हणतात. दुसरे जाड प्लॅस्टिकचे असतात. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्या ज्या जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात त्याच जातीचे. हौद गाडीतून आणावा, खड्डा खणून त्यात ठेवावा आणि पाणी भरावे, इतके ते काम सोपे दिसते. आमचीही तीच समजूत होती.

आम्ही आणलेला हौद फायबरग्लासचा. लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट, खोली २ फूट. आत कडेने झाडांच्या कुंड्या ठेवण्यासाठी एक पायरी. आकार लांबट गोल व बाजू उतरत्या असल्यामुळे त्यात सुमारे ७०० लिटर पाणी मावते. मे महिन्यात, उन्हाने दगडासारख्या झालेल्या काळ्या मातीत, बरोबर हौदाच्या मापाचा खड्डा खणून आम्ही तो बसविला. ऐन टंचाईत पाणी भरण्याची लाज वाटली, म्हणून पावसाळा लागल्यावर भरू अशा विचाराने तो रिकामाच ठेविला, आणि पाला व बेडूक आत पडू नयेत म्हणून वर ताडपत्री ताणून बांधली. मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री झाला. सकाळी पाहतो तो हौद एका अंगाने हातभर वर उचललेला असून खड्ड्यातील गढूळ पाण्यावर होडीसारखा डुलत होता! मुलांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र शरम वाटली, कारण शाळेत घोकलेला एक धडा मी साफ विसरलो होतो.

तो धडा आर्किमिडीजचा होय. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढ्या पाण्याची जागा अडविते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तीस वर ढकलते. आमचा रिकामा हौद सुमारे ३० किलो वजनाचा. खड्ड्यात साचलेल्या पाण्यात त्याने २०० लिटर जागा अडविली असे धरिले, तर त्यास वर ढकलणारा जोर २०० किलो वजनाइतका झाला. अशा रेट्यापुढे ३० किलोचा हौद कसा टिकणार? तोच हौद पाण्याने भरलेला असता तर आतील पाण्याचा भार त्या रेट्यास पुरून उरला असता. यावरून पहिला नियम निघतो तो हा: जमिनीत बसविलेला तयार हौद पावसाळ्यात कधीही रिकामा ठेवू नये.

परंतु खड्ड्यात इतके पाणी साचले तरी का? याचे उत्तर आपल्या काळ्या जमिनीच्या स्वभावात आहे. ही माती अतिशय बारीक चिकणकणांची असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात व पहिल्या पावसाने त्या मिटतात, हे कापूसकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. अशा भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी वेगाने खाली उतरले आणि आमच्या खड्ड्यात शिरले. नंतर माती फुगून भेगा मिटल्या, आणि आत आलेल्या पाण्यास बाहेर जाण्याची वाट उरली नाही. पाऊस जर त्या दिवशी हौद उचलता ना, तर फुगणाऱ्या मातीने तो पुढे दाबला असता, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आकसणाऱ्या मातीने त्याचा आधार काढून घेतला असता. याच कारणाने काळ्या जमिनीवरील कित्येक घरांच्या भिंतींस तडे जातात. मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत ही अडचण फारशी येत नाही. म्हणून परप्रांतीच्या पुस्तकातील रीत जशीच्या तशी येथे उपयोगी पडत नाही. आपल्या पायाखालची माती पाहूनच काम केले पाहिजे.

दुसऱ्या खेपेस आम्ही काम केले ते पुढीलप्रमाणे.

प्रथम वेळ. हस्ताचा व परतीचा पाऊस संपून गेल्यावर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, काळी माती फार फुगलेली नसते आणि भेगाळलेलीही नसते. कुदळ सहज चालते आणि विहिरींस पाणी असते. हौद बसविण्यास हीच वेळ उत्तम.

नंतर जागा. कुमुदासारख्या फुलझाडांस पाच-सहा तास ऊन पाहिजे, पण आपल्याकडील उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारनंतर भिंतीची सावली पडेल अशी पूर्वेकडील जागा बरी. झाडाखाली हौद करू नये. पाला पडून पाणी कुजते आणि मुळे हौदाखाली शिरतात. घराच्या पायापासून तो दूर असावा. अंगणाच्या अगदी सखल कोपऱ्यातही नसावा, कारण सर्व अंगणाचे पाणी तेथेच धावते.

आता आखणी. हौद जमिनीवर चार विटांच्या आधाराने सरळ उभा ठेवावा, त्याच्या काठावरून जागोजाग ओळंबा सोडावा आणि ओळंबा टेकेल तेथे फक्की टाकावी. या खुणा जोडल्या म्हणजे हौदाचा आकार जमिनीवर उमटतो. त्याच्याबाहेर चोहोकडून एक वीत अधिक जागा धरून खणावे. खोलीही हौदाच्या खोलीपेक्षा एक फूट अधिक घ्यावी. ही अधिक जागा म्हणजे वाया घालविलेली मेहनत नव्हे; फुगणारी माती हौदापासून दूर ठेवणारी ती गादी आहे. तळाशी मुरूम टाकून, किंचित पाणी शिंपडून, चार-चार बोटांच्या थरांनी धुम्मसाने ठोकून बसवावा. येथे एक सावधगिरी पाहिजे. काळ्या मातीत मुरमाचा खड्डा केला म्हणजे तो पाणी साठविणाऱ्या भांड्यासारखा होतो, आणि आमच्या पहिल्या फजितीची पुन्हा तयारी होते. म्हणून खड्ड्याच्या तळापासून अंगणाच्या उताराकडे एक चर काढून, त्यात भोके असलेली नळी घालून वर खडी पसरावी. हौदाखाली पाणी आलेच तर या वाटेने ते निघून जाते. जागा अगदी सपाट असून चरास उतार मिळत नसेल, तर हौद निम्मा जमिनीत व निम्मा वर ठेवून भोवती दगडी कठडा बांधणे अधिक शहाणपणाचे.

ठोकलेल्या मुरमावर दोन इंच बारीक चाळलेली वाळू पसरावी. ७०० लिटर पाणी म्हणजे ७०० किलो भार होय. तळ सर्वत्र टेकला असेल तर हा भार विभागला जाऊन प्रत्येक जागी थोडथोडाच पडतो. परंतु वाळूत एखादा टोकदार खडा राहिला तर त्या एका टोकावर भार एकवटतो आणि नेमका तेथेच हौद चिरतो. म्हणून वाळू हाताने चाचपून पाहावी. हे काम मुलांस देण्याजोगे आहे. त्यांच्या बोटांस खडा लौकर लागतो.

हौद खड्ड्यात ठेविल्यावर सपाटी पाहावी. दोन्ही काठांवर एक सरळ फळी आडवी ठेवून तीवर गवंड्याची पाणसळ ठेवावी. लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर अशी चार वेळा परीक्षा करावी. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी सपाटच राहतो. हौद तिरपा असेल तर पाणी त्याच्यासाठी तिरपे होत नाही. एका काठाने पाणी वाहून जाते आणि दुसऱ्या काठाची उघडी भिंत वर्षानुवर्षे आपली चूक दाखवीत राहते. हौदाचा काठ जमिनीपेक्षा दोन इंच उंच असावा. म्हणजे पावसात अंगणातील गाळ, आणि शेजारी शेत असल्यास फवारणीच्या औषधाचा अंश, पाण्याबरोबर आत येणार नाही.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. हौदात चार बोटे पाणी भरावे, आणि बाहेरच्या रिकाम्या फटीत तितक्याच उंचीपर्यंत वाळू भरून पाण्याने बसवावी. मग पुन्हा चार बोटे पाणी, पुन्हा तितकीच वाळू. आतील पाणी भिंतीस बाहेर लोटते आणि बाहेरील वाळू तीस आत लोटते. दोन्ही बरोबरीने चढत गेली म्हणजे भिंतीस कोणीच वाकवीत नाही. घाईने आधी सर्व वाळू भरली तर हौद आत दबतो, आधी सर्व पाणी भरले तर बाहेर फुगतो. कुंड्यांच्या पायरीखाली पोकळी राहण्याचा संभव फार असतो. तेथे काठीने वाळू सारून ठासावी. दर टप्प्यास पाणसळ पुन्हा ठेवून पाहावी. आमचे हे काम सकाळी सुरू होऊन दिवेलागणीस संपले. त्यानंतर आलेल्या दोन्ही पावसाळ्यांत हौद तसूभरही हलला नाही.

काठाभोवती शहाबादी फरशी बसवावी. मात्र तिचा भार हौदाच्या काठावर न येता बाहेरील ठोकलेल्या मुरमावर आला पाहिजे. फरशी दोन इंच आत आलेली असावी, म्हणजे काठावर थेट ऊन पडणार नाही. उन्हाने असले साहित्य हळूहळू ठिसूळ होते.

नळाचे पाणी भरले असल्यास ते दोन दिवस उघडे राहू द्यावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाईल. नंतर कुमुदाची कुंडी तळाशी व वेखंडाची पायरीवर ठेवावी. कुंडीत साधी काळी माती घालून वर खडीचा थर द्यावा. शेणखत घालू नये, कारण त्याने पाणी हिरवे होऊन शेवाळ माजते. प्रथम काही आठवडे पाणी हिरवट दिसले तरी ते उपसून टाकण्याची घाई करू नये. कुमुदाची पाने पाण्यावर पसरून निम्मा पृष्ठभाग झाकला गेला की शेवाळास ऊन कमी मिळते व पाणी आपोआप निवळते. जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी घरी आणू नये. तिने मोठमोठ्या नद्या व तलाव गुदमरून टाकले आहेत.

आता डासांविषयी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेव्हापासून डास व हिवताप यांचे नाते जगास कळले. डेंग्यूचा डास तर घरातील स्वच्छ साठविलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि उष्ण दिवसांत अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हौदात पहिल्या आठवड्यातच गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या आवडीने खातात. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेकडील असल्यामुळे ते ओढ्यात किंवा तलावात कधीही सोडू नयेत. तेथील आपल्या मूळच्या माशांस त्यांचा उपद्रव होतो. मासे थोडेच असावेत. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरतो, आणि मेच्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर ते गुदमरत आहेत असे समजावे. अशा वेळी तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा हौदातच ओतत राहिल्यास त्यात हवा मिसळते.

सर्वांत मोठी गोष्ट जी पालकांनी प्रथम वाचावयास पाहिजे ती आता सांगतो. ज्या घरात रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल आहे, तेथे उघडा हौद करू नये. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडते, आणि बुडताना त्यास हाक मारता येत नाही. मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबावे. आधीच हौद असेल तर त्यावर माणसाचा भार सोसेल अशी लोखंडी जाळी पाण्याच्या वर घट्ट बसवावी. शेजारची मुले खेळावयास येत असतील तरी हाच नियम. भोवतालचे गवत कापलेले असावे, कारण बेडकांमागून साप येतात. त्यांपैकी पाणदिवड बिनविषारी असते, परंतु प्रत्येक साप पाणदिवडच असेल असे नाही.

शेवटी पाण्याचा हिशेब. आरंभी घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर त्याखेरीज पुरे होत नाही. आमच्या हौदाचा पृष्ठभाग सुमारे पावणेदोन चौरस मीटर आहे. कडक उन्हाळ्यात विदर्भात उघड्या पाण्यातून दिवसास सुमारे एक सेंटीमीटर पाणी वाफ होऊन जाते. एक चौरस मीटरवरील एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० लिटर. म्हणजे आमच्या हौदातून रोज १७-१८ लिटर, आणि महिन्याकाठी ५०० लिटरांहून अधिक पाणी जाते. ही नासाडी लहान नव्हे. फाल्गुनापासून वर हिरवी जाळी ताणून सावली केली व वाऱ्याच्या बाजूस आडोसा केला म्हणजे ती कमी होते. आता जमेची बाजू पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. ५० चौरस मीटरांच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर. थोडे वाया गेले तरी एका चांगल्या पावसात आमचा सबंध हौद भरतो. पहिल्या सरीचे छप्पर धुतलेले पाणी सोडून देऊन पुढचे पाणी पन्हळीने पिंपात व हौदात घेतले, तर जे पाणी एरव्ही नालीत जाते तेच आपण वापरतो. हौदातील जुने पाणी बदलताना ते तुळशीस व भाजीच्या वाफ्यास द्यावे. माशांच्या मळाने ते खतासारखे गुणकारी झालेले असते. आणि पुन्हा २०१८ सारखे वर्ष आले तर? तर मासे एका पिंपात काढून ठेवावेत, कुमुदाचा कंद ओल्या मातीत जपावा, हौदात टँकरचे पाणी एक तांब्याही घालू नये. आणि पावसाळ्याच्या आधी पुन्हा भरता येणार नसेल तर तळाशी दगड रचून हौद जड करून ठेवावा, व वरची ताडपत्री काढून पावसाचे पाणी आत पडू द्यावे. पिण्याच्या पाण्यापुढे शोभेच्या पाण्याचा हक्क नाही. ज्यास एवढे मान्य नसेल त्याने हौद बसवू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

ज्यास ते मान्य आहे त्यास मात्र या लहानशा पाण्यापासून पुष्कळ मिळते. मेच्या दुपारी काठावरील ओल्या दगडावर मधमाश्या पाणी प्यावयास उतरतात, बुलबुल न्हाऊन जातात, आणि सकाळी कुमुद उमलते तेव्हा शाळेस निघालेली मुले क्षणभर थांबतात.

विद्यार्थिमित्रांनो, हौद नसला तरी एक प्रयोग तुम्हांस या सुटीत करता येईल. सरळ बाजूंचे रुंद तोंडाचे एक भांडे पाणी भरून अंगणात ठेवा, त्यात सेंटीमीटरची पट्टी उभी करा, आणि रोज त्याच वेळी पाणी किती उतरले ते वहीत लिहा. त्याशेजारी तसेच दुसरे भांडे सावलीत ठेवा. दोन्हींत कावळ्याने चोच घालू नये म्हणून वर तारेची जाळी असू द्या, आणि डास होऊ नयेत म्हणून आठवड्यास पाणी बदलून ते झाडांस घाला. महिन्याअखेर दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा. आपल्या जिल्ह्यातील ऊन किती पाणी पिते व एका सावलीने त्यातील किती वाचते, हे तुम्हांस दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.